तुकड्याच्या तपासणीला भिऊ नका : डॉ. वसंत खानोलकर यांनी दाखवलेली वाट



यंदाच्या आषाढ पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाली, वर्षावासाचे पहिले प्रवचन झाले. त्यानंतर खीर वाटता वाटता बायकांमध्ये दुखण्याखुपण्याच्या गोष्टी निघाल्या. एक ताई हळू आवाजात म्हणाल्या, "सासूबाईंच्या गालात आतनं पांढरा चट्टा आलाय. दोन महिने झाले. डॉक्टर म्हणत्यात तुकडा काढून तपासूया. पण घरात कुणी तयार न्हाई. चाकू लागला की रोग अंगभर पसरतोय म्हणत्यात."

शेजारी बसलेल्या चार-पाच जणींनी माना डोलावल्या. कुणाच्या चुलत्याचे, कुणाच्या भावजयीचे उदाहरण निघाले. ही समजूत एका घरातली नाही, वस्तीवस्तीतली आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळले. ती खोटी आहे आणि तिच्यापायी माणसे जातात. म्हणून या अंकाच्या आरोग्य पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे. तो नीट समजावा यासाठी एका मराठी डॉक्टरांची ओळख करून देत आहोत. ज्यांचे सारे आयुष्य असे तुकडे तपासण्यात आणि तपासायला शिकवण्यात गेले, त्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांची.

तुकडा तपासणारा डॉक्टर

चौकातल्या 'पॅथॉलॉजी लॅब'मध्ये आपण रक्त-लघवी तपासायला जातो. पॅथॉलॉजी म्हणजे रोगाने शरीरात नेमका काय बिघाड केला ते शोधण्याचे शास्त्र. सरकारी पाटीवर त्याला 'विकृतिशास्त्र' म्हणतात. या शास्त्राचा डॉक्टर सहसा आपल्याला भेटत नाही. तो नाडी बघत नाही, गोळ्या लिहून देत नाही. तो आतल्या खोलीत सूक्ष्मदर्शक यंत्राला डोळा लावून बसलेला असतो. पण गाठ साधी की कॅन्सरची, चट्टा नुसता चट्टा की पुढच्या संकटाची सूचना, याचा निवाडा तोच करतो. त्याचा शब्द आल्याशिवाय सर्जन कॅन्सरच्या शस्त्रक्रियेला हात घालत नाही.

भारतात हे शास्त्र रुजवणाऱ्यांत डॉ. खानोलकरांचे नाव पहिल्या ओळीत घेतले जाते. त्यांना भारतातील पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात. त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. बाबासाहेबांची जयंती दुसऱ्या दिवशी, १४ एप्रिलला असते. बाबासाहेब त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे.

लंडन, १९२३

राजर्षी शाहू महाराजांच्या मदतीचा हात पाठीशी घेऊन १९२० साली बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावची परिषद झाली होती. १९२३ साली लंडन विद्यापीठाने बाबासाहेबांच्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. पदवी दिली. त्याच १९२३ साली, त्याच लंडन विद्यापीठातून खानोलकर पॅथॉलॉजीचे एम.डी. झाले.

दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या आणि त्यांना आयुष्याने दिलेले चटकेही सारखे नव्हते. पण एक गोष्ट दोघांनी पक्की धरली होती. लोक म्हणतात म्हणून मानायचे नाही. पुरावा शोधायचा, तपासायचा, मग बोलायचे.

मुंबईत परतल्यावर खानोलकरांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीचे प्राध्यापक म्हणून शिकवले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९५२ साली भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभे राहिले, तेही त्यांच्याच नेतृत्वाखाली. पुढे १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी घडवलेल्या विद्यार्थ्यांत पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे होत्या. त्यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच.डी. मिळवली आणि पुढे त्याच संशोधन केंद्राची धुरा वाहिली. ज्या काळात मुलीने प्रयोगशाळेत काम करणे हीच नवलाची गोष्ट होती, त्या काळातली ही हकिकत आहे. आपल्या लेकींना जरूर सांगावी.

हजार रुग्ण आणि एक प्रश्न

पदव्या आणि पदे खूप जणांना मिळतात. खानोलकरांचे काम आपल्या वस्तीला जवळचे आहे ते वेगळ्या कारणाने.

परळच्या प्रयोगशाळेत त्यांच्यापुढे जे तुकडे येत, त्यांत तोंडाच्या कॅन्सरचे प्रमाण फार मोठे होते. युरोपात तसे नव्हते. मग इथेच तोंडाचा कॅन्सर एवढा का? आपल्या लोकांचे रक्त वेगळे आहे का? नशीब वाईट आहे का? खानोलकरांनी तुकडा बघून रिपोर्ट लिहिला आणि विषय संपवला, असे केले नाही. तो तुकडा ज्याच्या तोंडातून आला तो माणूस कसा जगतो, काय खातो, तोंडात काय ठेवतो आणि कुठल्या बाजूला ठेवतो, हे त्यांनी विचारात घेतले. मुंबईतील तोंडाच्या कॅन्सरच्या लागोपाठ आलेल्या १००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. दुसऱ्या वर्षी, १९४५ साली, सहकारी बी. सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी आणखी एक लेख लिहिला. लोकांच्या रोजच्या सवयींतून होणारे कॅन्सरचे तीन नवे प्रकार त्यात मांडले होते.

पहिला प्रकार खालच्या ओठाचा. तंबाखूत चुना मळून ती ओठ आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत धरून ठेवणाऱ्यांना होणारा. उत्तरेत तिला खैनी म्हणतात, आपल्याकडे 'बार भरणे' म्हणतात. जिथे बार, तिथेच रोग.

दुसरा प्रकार टाळूचा. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्टा नावाचा जाड विडा ओढतात, आणि पुष्कळ जण, विशेषतः बायका, त्याचे पेटते टोक तोंडात धरतात. धग आणि धूर थेट टाळूला लागतो. कॅन्सर टाळूलाच.

तिसऱ्या प्रकारात तंबाखूचा संबंधच नाही. कमरेला एकाच जागी घट्ट कासलेल्या धोतराखाली वर्षानुवर्षे कातडी घासून तिथे होणारा कॅन्सर. पुढे डॉक्टरांना परकराच्या घट्ट नाडीखालीही असा कॅन्सर आढळला. तो क्वचितच होतो. पण कमरेवर नाडीच्या जागी काळा-पांढरा डाग पडून जखम झाली असेल आणि ती भरत नसेल, तर भगिनींनी लाजून लपवू नये. नाडी सैल बांधावी, शक्य तर रुंद पट्टा लावावा, आणि जखम दाखवावी.

या तीन प्रकारांतून एकच गोष्ट दिसते. ज्या जागी रोज त्रास, त्याच जागी रोग. जात, जन्म, ग्रह, करणी यांचा इथे काही संबंध नाही. कारण सापडते, आणि जे सापडते ते दूर करता येते.

दैव नव्हे, कारण

सूक्ष्मदर्शकातून कारणापर्यंत जाण्याची ही वाट जगात इतरही चालत होते. नॉर्वे देशातील ऑस्लो विद्यापीठाचे प्राध्यापक लेइव्ह क्रेयबर्ग हे खानोलकरांच्याच वयाचे पॅथॉलॉजिस्ट. फुफ्फुसाच्या कॅन्सरचे तुकडे तपासून त्यांनी पेशींच्या रूपावरून त्याचे गट पाडले आणि त्यातल्या एका गटाचे सिगारेटशी घट्ट नाते आहे हे दाखवले. तिकडे सिगारेट आणि फुफ्फुस, इकडे तंबाखूचा बार आणि गाल. देश वेगळे, आरोपी एकच.

त्याच नॉर्वेतल्या बर्गेन शहरात १८७३ साली डॉ. आर्मावर हान्सेन यांना कुष्ठरोगाचा जंतू सापडला होता. तोवर युरोपातही कुष्ठरोग घराण्यातून येतो, असे मोठमोठे डॉक्टर मानत. आपल्याकडे तर तो मागच्या जन्मीचे पाप म्हणून माणसाला गावाबाहेर काढत. खानोलकरांनी कुष्ठरोगाचाही अभ्यास केला. कातडीवर पहिला चट्टा उठतो तेव्हा आत नसांमध्ये काय घडत असते, ते त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आज त्या रोगावर सरकारी दवाखान्यात फुकट औषध मिळते आणि तो पूर्ण बरा होतो. पाप कुठे गेले? ते कधी नव्हतेच. होता तो जंतू.

तथागतांनी आपल्याला हेच तर सांगितले. जे घडते ते कारणामुळे घडते, कारण गेले की परिणाम जातो. विहारात आपण प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द ऐकतो. तो अवघड वाटतो, पण चुन्याची डबी आणि गालातला चट्टा शेजारी ठेवून पाहिले की लगेच कळतो.

तुकडा काढतात म्हणजे काय करतात?

आता मूळ भीतीकडे येऊ.

तोंडातला तुकडा काढायचा असेल तर डॉक्टर ती जागा इंजेक्शनने बधिर करतात, दात काढताना करतात तशी. मग चट्ट्याच्या कडेचा मसुराच्या डाळीएवढा भाग काढतात. लागला तर एखादा टाका घालतात. बहुतेक वेळा माणूस तासाभरात घरी जातो. दोन-तीन दिवस थोडे दुखते. गरम आणि तिखट खाऊ नये, एवढेच पथ्य. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ते आधी सांगावे.

तो तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत ठेवतात म्हणजे कुजत नाही. प्रयोगशाळेत तो मेणात घट्ट बसवतात. मग यंत्राने त्याच्या केसापेक्षा कितीतरी पातळ चकत्या कापतात, काचेच्या पट्टीवर चिकटवतात आणि रंगवतात. पेशीचे केंद्र जांभळे दिसते, भोवतालचा भाग गुलाबी. निरोगी पेशी भिंतीतल्या विटांसारख्या ओळीत असतात. कॅन्सरच्या पेशी वेड्यावाकड्या वाढतात, ओळ मोडतात, खाली घुसतात. हे बघून डॉक्टर रिपोर्ट लिहितो. या साऱ्याला वेळ लागतो, म्हणून रिपोर्ट यायला आठवडा-दहा दिवस जातात. मशीनमध्ये घातला आणि निकाल आला, असे ते काम नाही.

मग 'चाकू लागला की पसरतो' ही समजूत आली कुठून? आपण उशिरा जातो, त्यातून. पाच-सहा महिने पाला, लेप, अंगारा, मेडिकलमधली ट्यूब यांत जातात. चट्ट्याची जखम होते, जखमेची गाठ होते, गळ्यात दुसरी गाठ उठते. तेव्हा आपण तुकडा काढायला तयार होतो. रोग आधीच पसरलेला असतो. माणूस दगावतो आणि दोष लागतो चाकूला. तुकडा काढल्याने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो थांबल्याने.

आणखी एक. तुकडा काढायला सांगितला म्हणजे कॅन्सर झालाच, असेही नाही. पुष्कळ रिपोर्टांत कॅन्सर निघत नाही. काहींत 'पेशी बदलू लागल्या आहेत' असे निघते. ती सूचना असते. त्या वेळी तंबाखू सोडली, उपचार घेतला, वरचेवर दाखवत राहिले, तर पुढचे संकट टळू शकते.

आरशासमोर पाच मिनिटे

महिन्यातून एकदा, समजा दर पौर्णिमेला, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने उजेडात आरसा घेऊन तोंड तपासावे. आधी चूळ भरावी, कवळी असेल तर काढावी, आणि ओठ, दोन्ही गाल आतून, हिरड्या, टाळू, जीभ वर करून तिच्या खालची जागा आणि जिभेच्या कडा पाहाव्यात. मग स्वच्छ बोटाने चाचपावे. पुढीलपैकी काही दिसले तर थांबू नये :

– १५ दिवसांत न भरलेली जखम किंवा तोंड आलेले.
– पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा. लाल चट्ट्याला जास्त जपावे.
– गालात, जिभेत किंवा गळ्यात गाठ, कडकपणा.
– कारण नसताना हललेला दात, किंवा दात काढल्यावर न भरणारा खड्डा.
– तोंड कमी उघडणे. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील तर दाखवावे. मावा, गुटखा, सुपारी खाणाऱ्या तरुण मुलांत हे फार दिसते.
– तिखट अजिबात न सोसणे, गिळताना दुखणे, आवाज बसून न सुटणे.

लक्षात ठेवा, सुरुवातीला दुखत नाही. 'दुखत न्हाई म्हणजे काय न्हाई' हे म्हणणेच घात करते.

जायचे कुठे?

कोल्हापुरात आपला थोरला दवाखाना, म्हणजे सीपीआर, आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले आहे. तिथे दंत विभागात किंवा कान-नाक-घसा विभागात तोंड दाखवता येते. खेड्यातल्या बांधवांनी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवून चिठ्ठी घ्यावी. आशाताईंना विचारले तर त्या वाट दाखवतात. कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार होऊ शकतात. त्यासाठी रेशन कार्ड आणि आधार कार्ड जवळ ठेवावे आणि योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्रा'ला भेटावे.

रिपोर्ट हा आपला कागद आहे. मूळ प्रत घरी जपून ठेवावी, झेरॉक्स द्यावी. ज्या मेणाच्या वडीत तुकडा बसवतात ती वडी आणि काचेच्या पट्ट्या प्रयोगशाळेत असतात. दुसऱ्या डॉक्टरांचे मत हवे असेल किंवा मुंबईला टाटाला जायचे असेल तर त्या मागता येतात. त्यामुळे पुन्हा तुकडा काढण्याचा त्रास सहसा वाचतो. मागायला लाजू नये. रिपोर्टमधले शब्द कळले नाहीत तर 'मराठीत सांगा' असे डॉक्टरांना म्हणावे.

सोडायची कशी?

आम्ही कुणाला दोष देत नाही. आपल्या आई-बापांना ही सवय हौसेने लागलेली नाही. गटारीच्या कामात घाण वास सोसावा म्हणून, वीटभट्टीवर आणि गवंड्याच्या हाताखाली पोटातली भूक दबावी म्हणून चिमूट तोंडात गेली. दात दुखला तेव्हा दवाखान्याला पैसे नव्हते म्हणून आयाबायांनी हिरडीला मिसरी लावली. शेजारी निपाणीला तंबाखूची मोठी बाजारपेठ, त्यामुळे माल स्वस्त आणि दारात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तरुण पोरांच्या खिशात पुडी सापडतेच, आणि कोपऱ्यावर मावा घोटून मिळतो.

मिसरी ही दात घासायची पावडर नाही, ती भाजलेली तंबाखूच आहे. हे घराघरांत सांगितले पाहिजे. पाचव्या शीलात तंबाखूचे नाव घेतलेले नाही, हे खरे. पण जी वस्तू माणसाला पराधीन करते, जिच्यावाचून सकाळी शौचालाही होत नाही, ती त्या शीलाच्या बाहेर कशी राहील, याचा प्रत्येकाने विचार करावा.

सोडायची तर दिवस ठरवावा आणि घरात सांगावा. पुड्या आणि डबी त्याच दिवशी घराबाहेर काढावी. तलफ आली की ती काही मिनिटेच टिकते. तेवढ्यात पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, बाहेर एक चक्कर मारावी. पहिला आठवडा चिडचिड होते, झोप कमी लागते. घरच्यांनी समजून घ्यावे. सरकारचा मोफत फोन १८००-११-२३५६ आहे. तिथे तंबाखू सोडायला सल्ला मिळतो. एकदा सोडून पुन्हा लागली तर लाज वाटू देऊ नये, पुन्हा सोडावी. सोडलेल्या प्रत्येक वर्षाने धोका कमी होत जातो.

त्या ताईंच्या सासूबाई

विहारातल्या त्या ताईंच्या घरी आम्ही दोन वेळा गेलो. पहिल्या वेळी कुणी ऐकले नाही. दुसऱ्या वेळी आजींनीच विचारले, "तुकडा केवढा काढत्यात?" मसुराच्या डाळीएवढा, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग एवढ्यासाठी मला दोन महिने भ्या दाखवलं व्हय!"

दहाव्या दिवशी रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, पण पेशी बदलू लागल्या आहेत. चट्टा काढला. दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितले आहे. चाळीस वर्षांची मिसरी आजींनी सोडली. मधे एकदा चोरून लावली, सुनेने पकडली, पुन्हा सोडली. वर्षावास संपायच्या आत त्या स्वतः विहारात उभ्या राहिल्या आणि बायकांना तोंडात बोट घालून दाखवू लागल्या की कुठे बघायचे.

पुढच्या पौर्णिमेला वंदना झाली की आपल्याही घरात आरसा काढावा. सगळ्यात आधी आईचे तोंड बघावे.

जयभीम! नमो बुद्धाय!